आत यायचं की बाहेर बसायचं, काका?

काका,

तुमच्या इमारतीच्या फाटकावर लावलेल्या कागदावर 'दुखःद निधन' असं लिहिलं होतं. विसर्ग 'ख'च्या पुढे. खाली तुमचं नाव. आयुष्यभर दुसऱ्यांचे विसर्ग जागेवर बसवलेत तुम्ही, आणि तुमच्याच नावावर ही चूक. मला आधी हसू आलं आणि मग रडू. पर्समध्ये पेन होतं. काढलं नाही. तुमच्या घरच्यांच्या कागदावर खाडाखोड करण्याइतकी मी तुमची कोण लागत होते?

वर गेल्यावर तेच विचारलं गेलं. तुमच्या पुतण्याच्या बायकोने दार उघडलं.

"आपण?"

"धायरीहून आले. काका मला शुद्धलेखन शिकवायचे."

"शिकवण्या घ्यायचे? कधी बोलले नाहीत."

"शिकवणी नाही. असंच. सहज."

त्यांनी पाणी दिलं, बसायला जागा दिली. चांगली माणसं आहेत. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "दर मंगळवारी सकाळी लायब्ररीत जायचे. पाऊस असो, काही असो. तिथलीच ओळख का?" मी म्हणाले, "हो, तिथलीच."

मंगळवारी तुम्ही कुठे असायचात, हे त्या खोलीत बसलेल्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. लायब्ररीत नाही, हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरबाहेरच्या बाकावर. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे. तुम्ही घेत होतात, मी घेते. मला जन्मापासून आहे. तुम्हाला कसा झाला हे मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. घरच्यांना ठाऊक होतं की नाही, तेही मला माहीत नाही. लोक तुमच्याबद्दल बोलत होते, तुमच्या कडक चहाबद्दल, तिरकस बोलण्याबद्दल, आणि मी मान हलवत होते. माझ्याजवळ सांगण्यासारखं सगळ्यांपेक्षा जास्त होतं आणि त्यातलं एक वाक्य बोलायची सोय नव्हती. भरल्या घरात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून इथे तुमचं नाव लिहीत नाही. माझंही नाही. माझ्या नावाची मला लाज नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ते नाव प्रमाणपत्रावर छापलंय, आणि आत्याने ते बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, आल्यागेल्याला दिसेल असं लावलंय. पण लिहायचं तर दोघांचं, नाहीतर कुणाचंच नाही.

हार्टने गेलात. साध्या माणसासारखे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गोळ्यांनी त्यांचं काम चोख केलं. हृदय तेवढं आळशी निघालं."

तुमच्या घराचा जिना उतरत असतानाच मीनलताईंचा फोन आला. मीनलताई म्हणजे लहान मुलांच्या सेंटरमधल्या समुपदेशक, माझ्याही आणि माझ्यानंतरच्या सगळ्या पोरांच्या. त्या रडत होत्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "ऐक, येत्या मंगळवारी आपली सारिका मोठ्यांच्या सेंटरला जातेय. अठरा पूर्ण झाली. काका बसणार होते तिच्यासाठी. तू बसशील?"

मी म्हणाले, "बघते, सांगते."

तुमच्या बाकावर दिवसाढवळ्या बसायचं. काका, मी हिंजवडीत ज्या कंपनीत आहे तिथे परदेशातल्या माणसांचे पगार काढते. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला माझ्याबद्दल काही माहीत नाही. दर खेपेला मी गोळ्या न्यायला येते ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून. तुम्हीच म्हणाला होतात, "पुण्यातल्या पोरींनी स्कूटरवर धुळीसाठी बांधलं, तुझं आयतं काम झालं." गोळ्या घेऊन पळणं वेगळं. तिथे कुणासाठी तरी अख्खी सकाळ बसून राहणं म्हणजे सांगितल्यासारखंच. आणि तेवढंच नव्हतं. बसायचं म्हणजे कुठे बसायचं, याच्यावरून तर आपलं भांडण झालं होतं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही गेलात.

मी पहिल्यांदा मोठ्यांकडे आले तो दिवस आठवतोय ना तुम्हाला?

त्याच्या आधी सगळी वर्षं मी लहान मुलांच्या सेंटरमध्ये काढली. तिथे भिंतीवर हत्ती होता, तिथे मला नाव होतं. आईवडील वऱ्हाडातून पुण्यात बांधकामावर आले, आणि मी शाळेत जायच्या आधीच एकामागोमाग एक गेले. आत्याने वाढवलं. तपासणीला तीच घेऊन यायची, बोलायचीही तीच. "जेवते का नीट?" "जेवते जी." "शाळेत जाते?" "जाते जी, पहिला नंबर हाय तिचा." मी हत्तीकडे बघत बसायची. मीनलताई आणि तिथल्या डॉक्टर माझ्याशी बोलल्या तरी कधी 'तू' म्हणाल्या नाहीत. "आपण गोळी घेतली का आज?" "आपण आता वजन करायचं हं." "आपल्याला ताप आला होता का?" त्या 'आपण'मध्ये सगळे होते. मी, आत्या, ताई, डॉक्टर. गोळी माझ्या एकटीच्या घशातून उतरायची, पण घ्यायचो आम्ही सगळे मिळून. लहान पोराला याहून बरं काय बोलणार?

मग अठरा पूर्ण झाली आणि तो हत्ती बंद झाला. आत्याला कामावरून सुट्टी नव्हती. मी एकटी आले. रस्ता ओलांडला की मोठ्यांचं सेंटर, एवढंच अंतर. पण तिथे कुणी मला ओळखत नव्हतं. माणसंच माणसं, ट्रकवाले, नवऱ्याबरोबर आलेल्या बायका, म्हातारे. माझ्या वयाचं कुणीच नाही. नंबर पुकारला, आत गेले. डॉक्टर तरुण होते, पेठेत वाढल्यासारखं बोलणं. समोर कागद होते, पण समोर माणूस बसलाय म्हटल्यावर विचारणारच.

"आपण मध्ये गोळ्या थांबवल्या होत्या का?"

मी म्हणाले, "हो."

"का?"

"त्रास होत होता."

"कुणाला विचारून?"

"आपण ठरवलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्हीच ठरवणार असाल तर आम्ही इथे कशाला बसलोय? आधी बाहेर जाऊन समुपदेशन करून घ्या. मग बघू."

मी बाहेर आले ती परत न येण्यासाठी. दारातून निघाले आणि बाकावर बसलेला एक पांढऱ्या केसांचा माणूस, मांडीवर कापडी पिशवी, म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही झालं की माणूस इतकं रडत नाही. कोण काय म्हणालं ते सांग. तुझं मत नको, वाक्यं सांग. आहेत तशी."

का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित तुम्ही "रडू नकोस" म्हणाला नाहीत म्हणून. वाक्यं सांगितली, लहानांकडे आत्या आणि डॉक्टर कसं बोलायच्या तीही. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि मोठ्याने हसलात. बाकावरची सगळी माणसं वळली. तुमच्या तोंडावर पाणी फेकावं असं वाटलं मला.

"अगं, एका शब्दात तिघं जण कोंबलेत! त्याचं 'आपण' म्हणजे तू. आदराने म्हणाला बिचारा, आपण, मॅडम. तू ऐकलंस ते 'आपण' म्हणजे तुम्ही सगळे, तुझी आत्या, तुझे डॉक्टर. आणि तू परत म्हणालीस 'आपण ठरवलं', ते त्याला कसं ऐकू आलं असेल? कट्ट्यावरची पोरं म्हणतात ना, आपण कुणाच्या बापाला विचारत नाय! त्याला वाटलं, ही दादागिरी करतेय."

मी डोळे पुसले. खरं होतं. रक्त कमी झालं म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांनीच एक गोळी थांबवून दुसरी दिली होती. मी माझ्या मनाने एकही चुकवली नव्हती.

"आता आत जा," तुम्ही म्हणालात, "आणि 'मी' म्हण. मराठीत आहे तो शब्द."

"तुम्ही चला ना बरोबर."

"मी नाही येणार."

"का?"

"मी आलो तर तो माझ्याशी बोलेल. पांढरे केस दिसले की सगळे तिकडे वळतात. मग तू परत तुझी आत्या घेऊन आल्यासारखीच. जा."

गेले. दार ढकललं आणि बसायच्या आधीच बोलले, नाहीतर धीर गेला असता. "मी गोळ्या थांबवल्या नव्हत्या. माझं रक्त कमी झालं होतं, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली. मी एकही दिवस चुकवलेला नाही." डॉक्टरांनी कागद उलटला, वाचला. "मग असं सांगा ना, मॅडम." काका, मला कुणीतरी मॅडम म्हणालं होतं. बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "लगेच फुगू नकोस. इथे सगळ्याच मॅडम असतात."

त्यानंतर आपले मंगळवार सुरू झाले. तुम्ही स्वतःच्या गोळ्या पहिल्यांदा कधी घ्यायला लागलात ते कधी बोलला नाहीत, पण नारायण पेठेतल्या प्रेसबद्दल बोलायचात. मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं, मग कॉम्प्युटर आले आणि मालक म्हणाला, आता चुका मशीन शोधेल. "शोधते ना," तुम्ही म्हणायचात, "शोधून जागच्या जागी ठेवते." सेंटरच्या भिंतीवरचं एकही पोस्टर तुम्ही नीट राहू दिलं नाहीत. 'रुग्नांनी'चा 'न' खोडून 'ण' केलात म्हणून शिपाई तुमच्यावर ओरडला होता. माझंही बोलणं सुधारायला गेलात. मी 'पानी' म्हणाले की, "पाणी."

एकदा मी ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "काका, शुद्ध मराठी काय तुमच्या पेठेच्या नळालाच येते? आमच्या धायरीत टँकरने आणतात की काय?"

मला वाटलं, संपलं. मग म्हणालात, "हे वाक्य मला द्यायला हवं होतंस. छापून घेतलं असतं." त्या दिवसापासून तुम्ही माझा 'न' सोडून दिलात. तुमच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. तेव्हा आभार मानले नाहीत. मानण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. माझा हक्क होता तो. आज वाटतं, हक्कच होता, पण तुम्ही तो देताना एकदाही चेहरा वाकडा केला नाहीत.

मीनलताईंना तुमच्याबद्दल मीच सांगितलं. मग लहानांकडून कुणी मोठ्यांकडे यायचं असलं की त्या त्याला सांगायच्या, बाहेर पांढऱ्या केसांचे काका बसलेले असतील. पोरं यायची. तुम्ही त्यांना आत जायच्या आधी बोलायला लावायचात. "काय होतंय?" "मला काही नाही." "काही नाही तर कशाला आलास? नीट सांग. माझ्या गोळ्या. माझा खोकला. माझं वजन." काही हसायची, काही चिडायची. पण दारापाशी तुमची हद्द संपायची. तुम्ही आत कधीच गेला नाहीत.

आणि मग विशाल.

विशाल संस्थेत वाढलेला. अठरा झाल्यावर हत्ती गेला, संस्थाही गेली. मॉलमध्ये खाण्याच्या काउंटरवर कामाला होता. मी त्या दिवशी माझ्या गोळ्या न्यायला आले होते, म्हणून सगळं डोळ्यांसमोर झालं. तो आत गेला. काय बोलणं झालं माहीत नाही. बाहेर आला, हसून म्हणाला, "काका, जरा पाणी पिऊन येतो."

तुम्ही म्हणालात, "ये."

दुपार झाली. फोन लावला, बंद. पुढच्या मंगळवारी बंद. मीनलताई मॉलमध्ये जाऊन आल्या, तो काम सोडून गेला होता. गोळ्या न घेता.

मी म्हणाले, "काका, तुम्ही आत गेला असतात तर तो पळाला नसता."

"मी आत गेलो असतो तर तो आत नसताच. मीच असतो."

"असू दे ना! एक दिवस तुम्ही असतात. दुसऱ्या वेळी तो असता. वाचला तर असता!"

"तो मेलाय असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. तेच तर! कुणीच काही सांगू शकत नाही."

तुम्ही पिशवीचे बंद गुंडाळत होतात. मी थांबायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही. पण बोलले. "तुम्हाला भीती वाटते, काका. एकदा कुणाचा हात धरला की मग तो सोडायचा कसा, याची."

तुम्ही उठलात. "तू फार शिकलीस."

"फार नाही. बी.कॉम.पर्यंतच."

हे आपलं शेवटचं बोलणं. मला आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, त्यामुळे यायचं कारणही नव्हतं. मुद्दाम आले नाही असं नाही, पण मुद्दाम यायलाही गेले नाही. डोक्यात वाद मात्र चालू होता. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी तुमच्यासाठी मुद्दे तयार करत होते. तुमच्या बाजूचेही करत होते, कारण तुमच्याकडून कोण बोलणार? एक मुद्दा तर चांगला सापडलाही होता. आता तो कुणाला ऐकवू?

मंगळवारी मी रजा टाकली. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून सांगितलं. स्वारगेटला बस बदलली तेव्हाही मनात होतं, फोन करून सांगावं जमत नाही. बाकावर येऊन बसले, स्कार्फसकट. मग लक्षात आलं, सारिकाला मी दिसणार कशी? नुसते डोळे बघून तिला काय कळणार की ही आपली माणूस? स्कार्फ सोडला. कुणी बघितलं नाही. बाकावरच्या बाईने सरकून घेतलं, एवढंच. इतक्या वर्षांच्या भीतीचं हे एवढंच झालं, आणि सांगायला शेजारी तुम्ही नाही.

सारिका आली. बारीक, दोन वेण्या, कॉलेजची सॅक. "काका कुठायत?"

सांगितलं. तिने खाली बघितलं. "म्हणजे गेले?" मी तुमच्यासारखं करायला गेले. "काय होतंय तुला? मला सांग." ती म्हणाली, "खोकला आहे." "कुणाला?" "मला." बरं चाललं होतं. नंबर पुकारला. ती उठली, दारापर्यंत गेली, वळली आणि हसली.

"ताई, मी जरा पाणी पिऊन येते."

काका, मग मी काय करणार होते? तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत आहे. तुम्ही "ये" म्हणाला असतात, कारण तुमचा माणसावर विश्वास होता. माझा नव्हता. मी तिचा हात धरला आणि दोघी आत गेलो.

डॉक्टर नव्या होत्या, भल्या दिसत होत्या. त्यांनी दोघींकडे बघितलं आणि मला विचारलं, "हिला खोकला कधीपासून आहे?"

तुम्ही म्हणाला होतात तसंच. शब्दन् शब्द तसंच. माझे केस अजून काळे आहेत, तरी माझ्याकडेच वळल्या. सारिकाही माझ्याकडे बघत होती. टेबलाखाली तिने माझी ओढणी मुठीत धरली होती. मला उत्तर माहीत होतं, आत्ताच बाहेर विचारलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी खिडकीकडे बघायला लागले. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली.

"मला," सारिका म्हणाली, "आठवडा झाला. आठवड्याहून जास्त."

"जेवण नीट करते का?" पुन्हा मलाच.

"तिला विचारा," मी म्हणाले. उर्मट वाटलं असेल. वाटू दे.

"करते मी," सारिका म्हणाली. "मी सगळं खाते."

ओढणी सुटली होती. कधी सोडली ते कळलं नाही.

म्हणजे तुम्ही बरोबर होतात, काका. मीही बरोबर होते. तुम्ही असतात तर यावर आपण पुढचे सगळे मंगळवार भांडलो असतो, आणि मला तेच हवं होतं. इतकं की बाहेर येताना मी तुमच्या जागेकडे बघत आले, वाक्य तोंडात तयार ठेवून. तिथे कुणीतरी माणूस केळं सोलत बसला होता.

सारिका माझ्या मागून आली. चिठ्ठी हातात, कान लाल झालेले.

"ताई, रागावू नका हां. पुढच्या वेळी तुम्ही बाहेरच बसाल का? तुम्ही शेजारी असलात की मी तुमच्याच तोंडाकडे बघत बसते."

"बरं," मी म्हणाले.

हा 'बरं' खरं तर तुम्हाला होता, काका. तिला काय माहीत. तो तिने स्वतःसाठी घेतला आणि गोळ्यांच्या खिडकीकडे गेली.